संग्रहवहीतली कोरी पानं

४ मार्च, सोमवार

रुजू झाले! सोळा वर्षं रस्त्यांच्या खात्यात खड्ड्यांच्या फायली इकडून तिकडे केल्यावर संग्रहालयातली नोकरी म्हणजे निव्वळ चैन. पदही भारदस्त आहे, नूतनीकरण प्रकल्प अधिकारी. इमारतीची तीन जुनी दुखणी आहेत. छत गळतं, तळघरात ओल आहे आणि पूर्वेकडच्या भिंतीचा पाया खचतोय. तिन्हींसाठी एकेक जाणकार सल्लागार नेमायचा, त्यांच्याकडून नकाशे करून घ्यायचे आणि आठ महिन्यांत कामं मार्गी लावायची. धाकट्याला फोन करून सांगितलं, तर म्हणाला, ताई, आता तरी लोकांना फॉर्म भरायला लावून छळू नकोस. छळणारच.

सोमवारी संग्रहालय बंद असतं, म्हणून संचालकबाईंनी स्वतः सगळीकडे फिरवलं. बाई करड्या केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या. मला सगळ्यांत आवडलं ते कारागिरांचं दालन. माणसाएवढे पुतळे आहेत: विणकर, लोहार, कुंभार आणि शेवटी रंधा मारणारा सुतार. हा सुतार इतका हुबेहूब की मी त्याला जरा सरका म्हणणार होते. ओठांत खिळे धरलेत, आणि डाव्या हाताची करंगळी अर्धीच आहे. घडवणाऱ्याने काय बारकाईने काम केलंय! संचालकबाईंनी खिशातून मऊ फडकं काढून त्याचे खांदे, कान, भुवया पुसल्या. बाकीच्या पुतळ्यांवर बोटभर धूळ होती, त्यांच्याकडे बघितलंही नाही. असतो एखाद्याचा जीव एखाद्या वस्तूवर.

तळघरात जतनकाका भेटले. सगळे त्यांना याच नावाने हाक मारतात. वस्तूंची जपणूक आणि डागडुजी त्यांच्याकडे. चेहऱ्यावरून वय कळत नाही, हात मात्र दगड उचलून उचलून फावड्यासारखे झालेत. त्यांनी मला कौतुकाने पद्धत समजावली. इथे आलेली प्रत्येक गोष्ट म्हणजे नग. वहीत चढली की तिला क्रमांक मिळतो. तो दोनदा लिहायचा, एकदा दिसेल असा आणि एकदा लपलेला, वर व्हार्निशचा हात. नगाचा तुकडा पडला तर त्यालाही तोच क्रमांक, पुढे तिरपी रेघ मारून एक, दोन. वहीत जी मोडतोड लिहिली असेल ती दुरुस्त करायची, मग कीड मरावी म्हणून नग थंड खोलीत, आणि शेवटी वहीत लिहिलेल्या जागेवर. मला अशी शिस्तीची माणसं फार आवडतात. बारा वर्षांत एक नवा नग आला नाही म्हणून बिचारे हळहळत होते.

११ मार्च, सोमवार

जाहिरातीला सतरा उत्तरं आली. एका महाशयांनी अकरा पानं लिहिलीत आणि त्यांतली नऊ स्वतःच्या स्वभावाविषयी. एकाने दुसऱ्याच संग्रहालयाचं नाव तसंच ठेवून प्रस्ताव पाठवलाय. आणि एक प्रस्ताव पायाच्या कामासाठी आमच्या धाकट्याचा! मला न विचारता. मी लगेच संचालकबाईंना लेखी कळवलं, की हा माझा सख्खा भाऊ आहे, आई गेल्यावर मीच वाढवलेला, तेव्हा याला गुण मी देणार नाही. त्या म्हणाल्या, गुण समिती देईल, तुम्ही फक्त नोंदी ठेवा. मला हायसं वाटलं. पोरगं हुशार आहे, स्वतःच्या बळावर येईल.

१५ मार्च, शुक्रवार

आलाच! तिघं निवडले गेले: छतासाठी एक वास्तुरचनाकार, ओलीसाठी एक तज्ज्ञ बाई आणि पायासाठी धाकटा. आता तिघांनी येऊन इमारत बघायची. काल ते ओळखपरेडीसाठी येऊन गेले. धाकट्याने सगळ्यांसमोर मला मॅडम म्हटलं आणि टेबलाखालून पाय मारला.

माझा संगणक अजून आलेला नाही. सुट्या कागदांवर नोंदी ठेवणं माझ्या तत्त्वात बसत नाही. कपाट उपसलं, तर तळाशी कापडी बांधणीची जाडजूड संग्रहवही सापडली. अर्ध्याहून जास्त पानं कोरी! इतका छान कागद वाया घालवायचा म्हणजे काय? रकानेही अगदी माझ्या कामाचे: क्रमांक, नग, कोणी दिला, स्थिती, जागा. शेवटची नोंद त्या सुतार पुतळ्याची होती. ‘४११२. सुतार, एक. कोणी दिला: स्वतः. स्थिती: डावी करंगळी अर्धी. जागा: कारागिरांचं दालन.’ कोणी दिला, तर म्हणे स्वतः! लिहिणारा माझ्यासारखाच थट्टेखोर असणार. तिच्या वरची ४१११ ची ओळ लाल शाईने पार गिरगटून शेजारी ‘अदलाबदल’ लिहिलं होतं.

मग मलाही चेव आला. त्याच थाटात तिघांना चढवलं.

४११३. वास्तुरचनाकार, एक. कोणी दिला: जाहिरातीने. स्थिती: मान डावीकडे कललेली. (माणूस सतत खांद्याशी फोन धरून बोलतो.) जागा: छताखालची खोली.

४११४. ओलतज्ज्ञ, एक. कोणी दिली: जाहिरातीने. स्थिती: वरचे दोन दात पुढे. जागा: तळघर.

४११५. पायाचा अभियंता, एक. कोणी दिला: ताईने. स्थिती: उत्तम, फक्त उजवा हात कोपरात वाकडा जुळलेला. जागा: पूर्वेची भिंत.

तो हात माझ्यामुळे मोडला होता. तो नऊ वर्षांचा असताना मीच त्याला झाडावर चढवलं होतं.

शाई वाळत होती तेवढ्यात जतनकाका काहीतरी मागायला आले आणि वही बघून दारातच थांबले. बोट ठेवून तिन्ही ओळी वाचल्या. त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. पक्की शाई आहे ना, एवढंच विचारलं. मी म्हटलं, म्हणजे काय, आमच्या खात्यात पेन्सिलीला मनाई होती. त्यांनी माझे दोनदा आभार मानले आणि वही नक्कल करायला घेऊन गेले.

२० मार्च, बुधवार

वास्तुरचनाकार दहाला आला, मान कललेली, फोनवर बोलतच. शिडी धरायला जतनकाका त्याच्याबरोबर वर गेले. मी दोन कप चहा मागवून ठेवला. बारा वाजले, एक वाजला. काका एकटेच खाली आले आणि हात धुवायला निघून गेले. संचालकबाई म्हणाल्या, ते मागच्या दाराने गेले. पण त्याची पिशवी माझ्या टेबलावर आहे, तिच्यात फोन वाजतोय, आणि त्याची गाडी अजून अंगणात आहे. हा काय प्रकार आहे कळत नाही. दुसरा कोणी फोन विसरून जाईल, हा तर नाहीच नाही.

२१ मार्च, गुरुवार

लगेच लिहिते. लिहिलं नाही तर मलाच उद्या खोटं वाटेल.

दुपारी वास्तुरचनाकाराची पिशवी घेऊन तळघरात गेले. दुरुस्तीच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. लांब टेबल, वर पांढरा दिवा. टेबलाखाली त्याचे बूट शेजारी शेजारी मांडलेले, त्यांना दोऱ्याने चिठ्ठ्या बांधलेल्या. तो टेबलावर उताणा होता, तोंडात कापसाचा बोळा, कपाळ आणि खांदे लाकडी शिकंज्यांत आवळलेले. काका मानेच्या डाव्या बाजूला पाचर लावून लाकडी हातोडीने ठोकत होते. घाई नाही. प्रत्येक ठोक्याला त्याच्या टाचा टेबलावर आपटत होत्या. तो जिवंत होता. त्याने मला पाहिलं. मग ओली फांदी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज झाला आणि टाचा थांबल्या. कानातून रक्त येऊन टेबलाच्या पन्हळीतून खालच्या बादलीत पडायला लागलं.

काका मागे सरून बघत राहिले. मान सरळ झाली होती. मला म्हणाले, बरं झालं तुम्ही लिहून ठेवलंत, नाहीतर माझ्या लक्षातही आलं नसतं. मग बारीक ब्रश घेतला. उजव्या तळपायावर पांढऱ्या रंगात ४११३ आधीच लिहिलेलं होतं. आता ते मनगटावर लिहायला बसले.

संध्याकाळी. पोलिसांना घेऊन आले. दोघं होते. काकांनी त्यांना हसतमुखाने सगळं दाखवलं. टेबल स्वच्छ. थंड खोलीत लाकडी खोकी, त्यांवर कीटकनाशक वायूचा, उघडल्यास प्राणाशी गाठ असल्याचा इशारा. अंगणातली गाडी गेलेली. संचालकबाईंनी माझ्याकडे न बघता सांगितलं, की पाहुणे काल चारला निघून गेले. पोलिसांनी मला झोप पुरेशी होते का विचारलं आणि अभ्यागतांच्या वहीत सह्या करून गेले.

२२ मार्च, शुक्रवार

ओलतज्ज्ञ बाईंना फोन केला. सोमवारी येऊ नका, कधीच येऊ नका म्हटलं. त्यांना वाटलं काम दुसऱ्याला दिलं. चिडल्या, पण येणार नाही म्हणाल्या. जीव भांड्यात पडला.

धाकट्याला सगळं सांगितलं. आधी हसला. मग माझा आवाज ऐकून मला न्यायला येतो म्हणाला. मी बजावलं, इकडे पाऊल टाकू नकोस, गावाबाहेर मित्राकडे जाऊन राहा. हो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा माझं एका सांगण्यात ऐकलं.

वही कपाटात परत आलीय. पान फाडायला हात घातला तर काका मागेच उभे. ते रागावले नाहीत. माझा उजवा हात कपाटाच्या चौकटीवर ठेवला आणि दार लावलं. तीन बोटं. मग स्वतःच खपच्या बांधून दिल्या आणि म्हणाले, वही फार जुनी आहे हो, जपून वापरायची.

डाव्या हाताने लिहितेय. अक्षराला हसू नये.

२३ मार्च, शनिवार

नग जागेवर नसेल तर आणावा लागतो. हे मला माहीत नव्हतं.

अकरा वाजता संग्रहालयाची गाडी मागच्या अंगणात आली. पुढे तिकिटांची रांग होती, लोकांचे हसण्याचे आवाज येत होते. काकांनी घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी खाली ओढलं. घोंगडीतून एक हात निघाला आणि त्याने गाडीचं चाक पकडलं. ओलतज्ज्ञ बाई. काकांनी त्या बोटांवर बूट ठेवला. हातोडी तीनदा. तिसऱ्यांदा आवाज वेगळा आला.

मी लोखंडी पहार उचलली आणि सगळा जोर लावून त्यांच्या डोक्यात घातली. कवटी फुटली. माझ्या डोळ्यांनी पाहिली, कानापासून टाळूपर्यंत भेग. रक्त नाही. आत पांढरी भुकटी. त्यांनी भेग चाचपली, आरशासमोर गेले आणि छोट्या थापीने लुकण भरलं. सदऱ्याची कॉलर उलटली होती. मानेवर पिवळ्या पडलेल्या व्हार्निशखाली १ हा आकडा.

वहीचं पहिलं पान काढलं. ‘१. जतनकार, एक. स्थिती: उत्तम.’

चारला तळघरात. ताटलीत कापसावर दोन दात. धुतलेले. ४११४/१. ४११४/२. बाई टेबलावर होत्या, तोंड उघडं, त्यात लाल चिंधी — अजून श्वास चालू होता. शिकंजे मी सोडवू शकले नाही. एका हाताने फिरत नाहीत. फिरत नाहीत —

२५ मार्च, सोमवार

बंदचा दिवस. संचालकबाई सुतारासमोर बसल्या होत्या. मी त्यांची कॉलर धरली. तुम्हाला सगळं माहीत होतं, असं ओरडले. हो म्हणाल्या.

सुतार त्यांचा नवरा. इथेच कामाला होता. बारा वर्षांपूर्वी कोणीतरी थट्टेत बाईंचंच नाव वहीत चढवलं — ४१११. काकांनी त्यांना टेबलावर घेतलं. पोलीस, पळणं, आग, सगळं करून झालं. वहीतून नाव निघत नाही. फक्त अदलाबदल होते. माणसाला माणूस, आणि त्याने स्वतःच्या हाताने स्वतःला लिहायचं. नवऱ्याने लिहिलं. करंगळी अर्धी असल्याचं त्यानेच लिहिलं. तो प्रामाणिक होता, म्हणाल्या. काकांना करंगळी सापडली नाही, म्हणून बारा वर्षं शोधतात.

मग मला का थांबवलं नाहीत, विचारलं. तर म्हणाल्या, काम नसलं की काका वर येतात आणि याच्यावर करंगळ्या बसवून बघतात. लाकडाच्या. मेणाच्या. एकदा खरी. तुमच्या तीन नोंदी झाल्या आणि दहा दिवस कोणी याला हात लावला नाही. म्हणून मी गप्प राहिले.

मी त्यांच्या तोंडात मारली. त्यांनी ओठाचं रक्त पुसलं आणि त्याच फडक्याच्या दुसऱ्या टोकाने नवऱ्याचा कान पुसायला लागल्या. मला त्यांचा किती राग यावा तेच कळेना.

धाकटा फोन उचलत नाही.

२६ मार्च, मंगळवार

सकाळी गाडी बाहेर गेली. धाकटा उचलत नाही. मित्र म्हणतो, तो काल संध्याकाळीच निघाला — ताईला न्यायला जातो म्हणून —

माझ्या खोलीवर आलाच नाही —

गाडी आली.

अकरा. तळघराचं दार आतून बंद. मी पहार घालतेय, दार हलत नाही. आतून तो ताई म्हणून ओरडला. एकदाच, लहानपणी झाडाखालून ओरडला होता तसा. काका त्याला समजावतायत, चुकीचं जुळलेलं हाड आधी परत मोडावं लागतं. मी दाराला तोंड लावून सांगितलं, हात चांगला आहे, काका, त्याचा तो हात चांगला आहे, मी उगाच लिहिलं. काका आतून म्हणाले, वहीत आहे हो बाई.

मग हातोडी.

मी ऐकलं. सगळं ऐकलं. नऊ वर्षांच्या मुलाचं हाड एका आवाजात मोडलं होतं. आता चार लागले —

वर आले. वही टेबलावर. पेन दातांत धरून टोपण काढलं. ४११५ वर लाल रेघ. पुन्हा रेघ. शेजारी — अदलाबदल.

४११६. बहीण, एक.

कोणी दिली: स्वतः.

खाली हातोडी थांबली. इतक्या लवकर कळलं त्यांना.

दार उघडल्याचा आवाज. पावलं दोघांची — एकाची फरफटत —

खिडकीतून दिसतोय. धाकटा. अंगणात. हात खांद्यापासून नुसता लोंबतोय, सदरा लाल. जिवंत आहे. चालतोय. फाटकाशी थांबून वर बघतोय. मी ओरडले, जा. मेल्या, जा ना, एकदा तरी ऐक! रडतोय. संचालकबाई त्याला धरून रस्त्यावर नेतायत. रिक्षात बसवलं. गेला. गेला माझा बाळ. गेला.

जिन्यावर पावलं. काकांना घाई कधीच नसते.

‘जागा’ राहिली. कारागिरांचं दालन लिहिते. सुताराशेजारी. संचालकबाई येतात तिथे — फडकं घेऊन — मलाही पुसतील कदाचित —

स्थिती. नीट लिहायला हवी. मोडलेली बोटं लिहायची नाहीत. डोळ्यावरचा तीळ नाही. गुडघा नाही. काही लिहायचं नाही.

दाराशी आलेत. पायपुसण्यावर पाय पुसतायत.

स्थिती: उत्तम. दुरुस्ती नको. शपथेवर सांगते काका, माझ्यात काहीही वाकडं नाही, एकही हाड नाही, हे अक्षर वाकडं आलंय ते फक्त डाव्या हाता—